खांब आमचे, दिवे त्यांचे

…आणि वर मलाच विचारतात, तोंड का पाडून बसलायस म्हणून! अहो, मी कशाला पाडू? ज्याचा पगार होत नाही त्याचं तोंड आपोआप पडतं, त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत! तर मी काय सांगत होतो… हां, पगार. मी वीज कंपनीत लाइनमन. खांबावर चढायचं, तार जोडायची नाहीतर तोडायची, खाली उतरायचं. साधं काम. बायको नगरपालिकेत, जन्ममृत्यूच्या खिडकीवर. तेही साधंच, माणूस आला की एक दाखला, गेला की एक दाखला. दोन सरळ माणसं, दोन सरळ पगार, चाललं होतं की हो सगळं सुरळीत! पण झालं काय, तिच्या पालिकेनं माझ्या कंपनीचं वीजबिलच भरलेलं नाही. या महिन्याचं म्हणत नाही मी, वर्षानुवर्षांचं! रस्त्यावरचे दिवे, पाण्याचे पंप, सभागृहातले पंखे, सगळं आमच्या विजेवर, आणि बिल आलं की ते फायलीत! कोटींत गेलंय म्हणतात. किती कोटी ते मला विचारू नका, मी शून्यं मोजायला लागलो की मला माझं पासबुक आठवतं.

बरं, मग कंपनीनं काय करावं? पालिकेचं मानगूट धरावं? छे! कंपनीनं आमचे पगार अडवले. आमचा साहेब नाकातून बोलतो, सर्दी त्याला जन्मापासून, तो म्हणाला, "हे बघ, वसुली नाही तर पगार नाही. पालिकेनं भरले की तुबचे झालेच बघ." घरी आलो. बायकोला म्हटलं, अगं, तुमच्या लोकांना सांग, तेवढं बिल भरून टाका म्हणावं. तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसा काही मी तिच्या माहेरावर दरोडा घालायला निघालोय! "अहो, शुद्धीवर आहात ना? पालिकेच्या तिजोरीत आमच्या पगारापुरतेच पैसे उरलेत. ते तुमच्या कंपनीच्या घशात घातले तर आम्ही काय खायचं?" आलं का लक्षात त्रांगडं? पालिकेनं बिल भरलं की माझा पगार होतो आणि तिचा बुडतो. नाही भरलं की तिचा होतो आणि माझा बुडतो. एकाच ताटात जेवायचं आणि एकमेकांच्या घासावर टपून बसायचं… आता तुम्हीच सांगा, मी कुणाच्या बाजूनं बोलायचं?

तुम्ही म्हणाल, एक पगार येतोय ना घरात, मग रडगाणं कशाला? तर रडगाणं आईसाठी. आईला मोतीबिंदू. एक डोळा गेल्यातच जमा आहे आणि दुसरा पिकलाय. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन लवकर उरका, उशीर केलात तर मग मी काही बोलणार नाही." डॉक्टरच बोलणार नाहीत म्हटल्यावर आपण काय बोलायचं? एका पगारात घरभाडं, दाणापाणी, धाकट्या लेकीची फी… डोळा बसत नाही हो त्यात! मग बायकोनं एक डबा केला. भाजी थोडी कमी, दूध थोडं कमी, रिक्षा तर बंदच, आणि जे काही वाचेल ते डब्यात. डोळ्याचा डबा. हात लावायचा नाही म्हणजे नाही.

एका संध्याकाळची गोष्ट. कामावरून आलो, दारात चपला काढतोय, तर आत आई कुणाशी तरी बोलतेय. बघतो तर खुंटीवरच्या माझ्या जुन्या कोटाशी! "आलास का रे? हातपाय धुऊन घे. हल्ली फार गप्प गप्प असतोस तू." आणि कोट आपला गप्पच. मी मागून म्हटलं, आई, अगं मी इकडे आहे. तर म्हणते, "असू दे रे. तो निदान ऐकून तरी घेत होता." हसलो मी. मोठ्यानं हसलो, आणि मग जेवण काही गेलं नाही.

आणि घरात तर काय, नवराबायको उरलीच नाहीत! ती पालिका आणि मी कंपनी. मी म्हणायचं, तुमचे रस्त्यावरचे दिवे भरदुपारी जळत असतात, बंद करायला माणूस नाही का तुमच्याकडे? ती म्हणायची, "माणूस आहे, पण बटण तुमच्या खांबावर आहे, आणि तुमच्या खांबाला हात लावला की तुमचा साहेब नोटीस पाठवतो." मी म्हणायचं, थकबाकीदार! ती म्हणायची, "सावकार!" आणि मधे आई. "अरे, भांडताय का? आवाजावरून कळत नाही, जरा दिव्याखाली येऊन भांडा." आता तिच्यापुढे मी कुणाच्या बाजूनं बोलायचं?

मग एक दिवस साहेबाच्या अंगात वीरश्री संचारली. "जा, पालिकेच्या इबारतीचीच वीज तोड!" मी म्हटलं, साहेब, तिथं माझी बायको आहे. "बग ओळखीचंच ठिकाण आहे की!" गेलो शिडी घेऊन. दारात शिपाई. भला माणूस, म्हणाला, "चहा घ्या आणि मग चढा." बघतो तर चहा विजेच्या शेगडीवर! म्हटलं, अहो, ही आमचीच वीज ना? तर म्हणतो कसा, "साखर आमची आहे." प्यायलो. चढलो. पक्कड लावली आणि वरच्या खिडकीतून बायकोचं डोकं बाहेर! "अहो! अहो, थांबा! माझा दाखला अर्धाच छापून झालाय!" म्हटलं, कसला? "मृत्यूचा!" म्हटलं, मग त्याला कुठं घाई आहे? "त्याला नाही हो, त्याच्या मुलांना आहे!" सगळी रांग खिडकीत गोळा, सगळे माझ्याकडे बघतायत, जसा काही मेलेला माणूस मीच मारलाय. तोडली मी. दुसरं काय करणार? सगळी इमारत गपकन काळी पडली आणि त्या काळोखातून बायकोचा आवाज आला, "या घरी. बघते."

घरी जायची वेळच आली नाही, कारण मी पुरता उतरलोही नव्हतो तर साहेबाचा फोन. "जोड! जोड लवकर, वरूद फोद आलाय!" जोडली. दुसऱ्या दिवशी पालिकेचे मोठे साहेब आमच्या साहेबाकडे. मी दारातच उभा होतो, सगळं ऐकलं. मोठे साहेब म्हणतात, "बिलाचं सोडा. तुमच्या कंपनीचे खांब आमच्या जमिनीत उभे आहेत, त्यांचं भाडं कुठाय? इतकी वर्षं उभे आहेत!" आमचा साहेब म्हणतो, "खांब आमचे असतील, पण दिवे तुबचेच ना?" खांब आमचे, दिवे तुमचे, जमीन आमची, तार तुमची… दुपारपर्यंत हेच. आणि शेवटी तडजोड! खांबांचं भाडं बिलातून वजा, उरलेल्याचे हप्ते, दोघांनी एकमेकांना गुच्छ दिले, फोटो काढले, टाळ्या. टाळ्या आम्हीच वाजवल्या, मी आणि मोठ्या साहेबांबरोबर आलेला तो साखरवाला शिपाई. मला वाटलं, चला, सुटलो! आईचा डोळा वाचला! येताना रस्ताभर मी शीळ घालत आलो हो.

दारात बायको. तिचं तोंड माझ्याहून पडलेलं. "पहिला हप्ता भरला पालिकेनं. आमचे पगार पुढच्या सूचनेपर्यंत बंद." मी म्हटलं, जाऊ दे, माझा होईल की आता! दुसऱ्या दिवशी साहेबापुढे उभा. साहेब रुमालात शिंकला. "हप्ता आला रे. पण कोळशावाल्याचं देणं होतं दा, तो तिकडेच गेला." म्हणजे बघा, पालिकेनं भरले, कंपनीला मिळाले, सगळ्यांचे गुच्छ झाले, आणि आमच्या घरात होता तो एक पगारही गेला! आता भांडायचं तरी कुणाशी आणि कुणाच्या बाजूनं बोलायचं?

तसेच दिवस काढले. घरचं वीजबिल आलं, राहिलं. पुन्हा आलं, पुन्हा राहिलं. आणि काल सकाळी साहेब म्हणतो, "आता लहान थकबाकीदार धरायचे. बोठ्यांशी तडजोड होते, लहानांची तोडायची असते." पत्त्यांचा कागद हातात दिला. पहिलाच पत्ता वाचला आणि म्हटलं, साहेब… हे माझं घर आहे. साहेबानं वरही बघितलं नाही. "बग रस्ता विचारायला दको." म्हटलं, साहेब, थोडे दिवस द्या. "बी दिले असते रे. पण उद्या लोक म्हणतील, आपल्या बाणसाला सोडलं." पालिकेला वर्षानुवर्षं सोडलं, तेव्हा लोक काही म्हणाले नाहीत!

आलो घरी, शिडी खांबाला लावली. बायको बाहेर आली, सगळं समजली. हळूच म्हणाली, "डबा फोडू का? बिलापुरते निघतील." मी म्हटलं, नाही. तो डोळा आहे, त्याला हात लावायचा नाही. मग तिनं पदर खोचला आणि खालून शिडी धरली. पालिकेनं कंपनीची शिडी धरली हो! तोडणारा मी, थकवणारा मी, आता तर कुणाच्या बाजूनं बोलायचं हा प्रश्नही मिटला.

तोडली. आमच्या आतल्या खोलीला खिडकी नाही, दिवसाही दिवा लागतो. आणि मग आतून आईचा आवाज आला, बारीक, घाबरलेला. "सूनबाई… अगं, लाईट गेली, का माझे डोळे गेले?"

मीच वरून ओरडलो, लाईट गेलीय आई, लाईट!

"नक्की ना रे?"

नक्की, म्हटलं, बिलापायी तोडलीय, मी स्वतः बघितलंय.

"मग बरं बाबा. जीव भांड्यात पडला. लाईट काय, आज ना उद्या येईल. तू फक्त त्या वीजवाल्याला गाठून सांग, म्हणावं घरात म्हातारी माणसं असतात, तोडायच्या आधी एक हाक तरी मारावी."

सांगतो म्हटलं. आणि उतरलो, शिडी खांद्यावर घेतली आणि पुढच्या पत्त्यावर गेलो. तिथं मात्र आधी हाक मारली.