मंजूचा ब्राउझर आणि माझं टक्कल

चहा गार झाला तर होऊ दे, आधी आमच्या हिची करामत ऐका. मला एक खोड होती. मंजू किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला गेली की घरी राहिलेला तिचा फोन उघडायचा आणि तिनं त्यात काय काय शोधलं ते सगळ्या झाई गावाला सांगायचं. "आमच्या हिला केस काळे करायचा उपाय पाहिजे," एवढंच मी बंदरावर बोललो, तर बायका तिला बघून तोंडाला पदर लावायला लागल्या. ती रडली, मग गप्पच झाली. तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं.

परवा फोन उघडला, तर आत नवाच ब्राउझर. बंद केला की मागचं सगळं पुसणारा. काहीच सापडेना. आणि पानभर फोटो कोणाचा? माझाच. कवळी काढून, तोंड वासून झोपलेला.

मागं मंजू उभीच होती.

"हे कोणी करून दिलं गं?"

"मीच केलं. त्यात पाहिजे तो फोटो लागतो, बटणंपण हलवता येतात."

"आणि शोधायचं लिहायची पट्टी तळाला कशाला नेलीस?"

"वर होती तर तुमचं टक्कल झाकत होती."

आता तिचा फोन मी मागून घेतो आणि तोच फोटो बंदरभर दाखवत फिरतो. लोक म्हणतात, "तात्या, लाज नाही वाटत?" लाज कसली? जन्मभर मी गावाची खेचली, माझी खेचणारं कोणी भेटत नव्हतं. ते माझ्याच घरात निघालं.