सुभेदारांची शिट्टी

शिरूरच्या स्टँडवर दौंडच्या गाडीची वाट बघत दोन माजी सैनिक माझ्या मागच्या बाकावर बसले होते. थोरले खुटबावचे, धाकटा कारेगावचा.

"आप्पा, रिटायर होऊन तीन महिनं झालं. गावात करमंना बघा."

"तीनच? मी दोन वर्षं काढली. पारावर गेलो की समदी उठायची. ‘या सुभेदारसाहेब, बसा.’ मला खुर्ची द्यायची आन् गप्पा बंद करायची."

"मान तर देत्यात."

"मानाचं काय लोणचं घालू? त्यात मी शहाणा. पत्रिकेत बारा पस्तीस म्हंजी सव्वाबाराला मांडवात हजर. तवा नवरदेव आंघोळीला गेलेला!"

"मग?"

"मग भावकीनं सावडीला बोलावलं, एकमेकांच्या रानात राबायचं म्हणून, कांद्याच्या लागणीला. समदी वाकून रोपं लावत व्हती. मी बांधावर उभा राहून शिट्टी फुकली. म्हणलं, दहा मिंटं विश्रांती, पाणी पिऊन घ्या!"

"आरारा!"

"भावकीतली म्हातारी रतनबाई चिखलाचा हात उगारून अंगावर आली. ‘मेंढरं हाकतो व्हय रं मेल्या? वाक खाली!’ सारं रान हसलं."

"लई इज्जत गेली म्हणा."

"समदी गेली. परवा पारावर गेलो, तर कुणी उठंना. खुर्ची न्हाई, काय न्हाई. माझ्या बरोबरीचा भिमा म्हणला, ‘ए शिट्टी, सरक की तिकडं, मला बसू दे.’"

"आन् तुम्ही?"

"सरकलो. घरी जाऊन बायकूला म्हणलं, आज कायतरी गोड कर."