क्लबाच्या दारातली रांगोळी

फुटबॉल क्लबाचं कौतुक मला सांगू नका, मी सांगतो ते ऐका. आज पगारी खेळाडू आहेत, हिरवळ आहे. आम्ही कुंभकोणमच्या गल्लीतल्यांनी क्लब काढला तेव्हा चुन्याची ऐपत नव्हती. माझी बायको रुक्मिणी तांदळाच्या पिठानं मैदान आखायची. अर्ध्या खेळापर्यंत मुंग्या रेषा खाऊन टाकायच्या, की ही पुन्हा वाकून आखायची.

परवा क्लबवाल्यांनी भिंतीवर क्लबाचा इतिहास लावला. तिचं नाव नाही. सेक्रेटरीला विचारलं, तर म्हणतो, "मामा, मामी कुठं खेळल्या? पण रविवारी पाहुणे येतायत, दारात मोठी रांगोळी काढायला सांगा त्यांना."

मी तिला म्हटलं, "अजिबात जायचं नाही."

"तुम्ही गप बसा. बघू तरी, ओळखतात का."

गेली. दुखऱ्या गुडघ्यांनी बसून दारात अख्खं जुनं मैदान काढलं, मधल्या वर्तुळासकट, दोन्ही गोलांसकट. पाहुणे बूट घालून त्यावरूनच आत गेले.

सेक्रेटरी मागून आला. म्हणाला, "छान आहे मामी. पण नुसत्या चौकटीच काय काढल्यात? एखादा मोर काढायचा!"