खाडीपल्याडचा दिवा

ठाण्याच्या दवाखान्यात मंदाकिनीबाई पेपर तोंडापुढे धरून नंबराची वाट बघत होत्या, पण कान मात्र बाकावरच्या दोघी मैत्रिणींच्या बोलण्यात अडकले होते.

“आवडे, मिठागर सोडून बामनांच्या वस्तीत बंगला बांदलास. सत्यनारायनाला आली का शेजारची?”

“सगली आली. परसाद घरी नेतो म्हनाली.”

“नेला?”

“नेला. दुसऱ्या सकाली कुंपनापाशी कावले खात होते.”

“धन्याला सांगितलंस?”

“नाय. तो अजून खुशीत हाय.”

“मंग सांजचं करतेस काय?”

“माडीवर बसते. खाडीपल्याड तुज्या झोपडीतला दिवा दिसतो.”

“आनि मी तुज्या माडीची बिजली बगून म्हनते, आवडी सुखात हाय.”

“लक्ष्मे, दिवा जरा उशिरा मालवत जा.”