चिनूच्या पायांवरची वाळू

अगं, पाय धुवायला सांगितले म्हणून कुणी रडतं का? आमची सहा वर्षांची चिनू रडली! चार दिवस काशिदला समुद्रावर राहून आम्ही वरसेला घरी पोचलो. गुडघ्यांमुळे घरीच राहिलेल्या सासूबाई पडवीत पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. बाहेरून आलेल्याला पाय धुतल्याशिवाय त्या आत घेतच नाहीत.

चिनू मागे सरकली. "मी नाय धुणार! पायावरचा समुद्र जाईल."

"जातोय कुठं?" म्हणत सासूबाईंनी जावयांचे पाय धुवायची पितळी परात आणली, चिनूला तिच्यात उभं केलं आणि पाणी ओतलं. वाळू हळूहळू तळाशी बसली.

मला वाटलं, सुटलो. तर सासूबाई खुर्चीवर बसल्या, साडी घोट्यांवर धरली आणि आपलेच पाय परातीत सोडले. डोळे मिटून म्हणाल्या, "चिने, लाट आण गो."

चिनूनं बाहेर येऊन परात हलवली.

मी बॅगा सांभाळत विचारलं, "आई, आत येऊ का आम्ही?"

त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"थांब गो जरा. आत्ता कुठं पोचलेय मी."