खांबावरचा कागद

— नाही बसायचं मला तुझ्या गाडीत, रुमेन. दोनदा सांगितलं. गुडघा माझा आहे, चढही माझाच आहे. आणि आधी ती फूटपाथवरून खाली घे — म्हाताऱ्यांनी काय भिंतीतून जायचं? शी, कसला धूर! पाव आणायला गेला होतास? दिसतोय सीटवर. बेकरी कुठं, तुझं घर कुठं — मधे एक वळण! तेवढ्यासाठी गाडी. पाय कशाला दिलेत देवानं, ब्रेक दाबायला?

काय म्हणालास? परत बोल. काकूला नमस्कार सांगा?

इंजिन बंद कर. बंद कर म्हणतो ना! माझ्या हातात काय आहे? गोंदाचा डबा. आणि हा कागद? फोटो ओळखतोस? नेदेल्का आहे. तुझी काकू. उद्या तिला जाऊन चाळीस दिवस होतात, त्याचा हा कागद. पहिला कागद याच खांबावर लावला होता — हा काय, अजून आहे, उन्हानं पिवळा पडलाय — आणि तू रोज याच्या बाजूनं गेलास, काच वर करून, गाणी लावून. माणूस गेलं की खांबाखांबावर कागद लागतो, चालणारा थांबतो, वाचतो, टोपी काढतो — असंच कळत आलंय या गावाला. आता चालतंय कोण? मी आणि कुत्री. कुत्र्यांना वाचता येत नाही. तुम्हाला येतं, तर तुम्ही पेट्रोलचे भाव वाचता.

मातीला पाच-सहा जण होते — पाद्री आणि खड्डा खणणारे धरून. मला वाटलं, गाव रागावलंय तिच्यावर. कुणाचं काय वाकडं केलं होतं तिनं? तुझी आई गिरणीत पहाटपाळीला जायची, तेव्हा तुला शाळेत कोण न्यायचं? बर्फातून, बोट धरून? बोट सुटलं की भोकाड पसरायचास. म्हटलं, हा रुमेनसुद्धा आला नाही — याचं काय घेतलं होतं तिनं? बरं. म्हणजे रागावला नव्हतास. नुसताच आंधळा.

मी रोज येतो इथं. गोंद सुटलाय का बघायला — दुसरं काही नाही. बोलत नाही तिच्याशी, वेडा आहे का मी? बाजारात काय आलंय तेवढं सांगतो. मिरच्या चांगल्या आल्यात, असं.

डोळे पूस. रस्त्यात आहेस. उतर, धर हा कागद, मी गोंद लावतो. वर नको — खाली — चालणाऱ्याच्या नजरेला आला पाहिजे. हं. सोड.

उद्या सकाळी, कबरीपाशी. तिच्या नावानं वाटायला गहू शिजवलेत, साखर घालून, मोठं पातेलं भरून, तिच्याच मापानं — ती गावाच्या हिशेबानं शिजवायची. मला एकट्याला जायचे नाहीत. चालत यायचं. गाडीचा आवाज आला तर फाटकातून परत पाठवीन.

आता काय? डबा कशाला उचललास? पुढचे खांब तू उरकतोस — गाडीनं, पटकन?

दे तो डबा इकडे. नीघ.