तीस इंचांचा ओटा

समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक साहेब. व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे. आमच्या इंजिनियर बाई. आणि समोर जमलेल्या गवंडी, सुतार, प्लंबर बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मला बोलण्याची सवय नाही, ओरडण्याची आहे. चौथ्या मजल्यावरून खाली ओरडण्यात चाळीस वर्षं गेली. तेव्हा माइक जरा लांबच धरतो.

आधीच्या वक्त्यांनी माझं एवढं कौतुक केलं, की हा गृहस्थ कोण, असं मलाच वाटू लागलं. गवंडी असून या वयात मी घर छापणारं यंत्र शिकलो, असं पाहुणे म्हणाले. खरं सांगू? मला नुसतं ते चालवायच्या खोलीत नेऊन बसवलं. बाहेर यंत्राचा लोखंडी हात फिरतो, ओल्या काँक्रीटचा थरावर थर सोडतो, आणि तीन दिवसांत भिंती उभ्या. ओळंबा नको, दोरी नको. दोरीचं दुसरं टोक धरायला माणूसही नको.

माझ्या दोरीचं दुसरं टोक सव्वीस वर्षं माझ्या बायकोनं धरलं. विटांचा थर पुरा झाला की मी ओरडायचो, "वर!" तिकडून ती म्हणायची, "घेतली!" मग दोरी एक वीट वर. घरी भांडण झालेलं असलं तरी "घेतली" यायचंच, फक्त जरा घुश्शात. यंत्रावरच्या पहिल्या दिवशी थर संपला आणि मी सवयीनं ओरडलो, "वर!" यंत्र आपलं आपण वर गेलं. उत्तर काही आलं नाही. तिला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

असो. समारंभ आनंदाचा आहे.

निवृत्तीच्या निमित्तानं कंपनीनं मला नव्या वसाहतीतलं पहिलं घर दिलं. साहेब, हे उपकार कसे विसरू? लोकांची घरं बांधण्यात जन्म गेला, आम्ही मात्र भाड्याच्या खोल्यांत. ती ठेंगणी आणि खोल्यांतले ओटे उंच. दोन विटांवर उभी राहून स्वयंपाक केला तिनं जन्मभर. म्हणायची, "अहो, आपलं घर होईल तेव्हा मला या विटांवरून खाली उतरवा हं."

घराचा आराखडा करताना बाईंनी विचारलं, "काका, ओटा किती उंच?" मी हात सरळ खाली सोडला, मूठ वळली आणि म्हणालो, "मुठीपर्यंत. तीस इंच." तिचं माप मी असंच लक्षात ठेवलं होतं. ती आता नाही, हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. चाळीस वर्षं मुरलेला गवंडी, आणि स्वतःच्याच घराचं माप चुकला! हसा, हसा. मीही हसलो असतो.

हा ओटा भिंतींबरोबरच छापला जातो. यंत्रानं तीस म्हणजे तीस केलं. आपल्यातला कुणी गवंडी असता तर त्यानं विचारलंच असतं, "मिस्त्री, तुम्ही एवढे उंच, हा बुटका ओटा कुणासाठी?" आणि मला सांगावं लागलं असतं, "कुणासाठी नाही." या यंत्रावर मी पुष्कळ चिडलोय. पण त्यानं मला काही विचारलं नाही, याबद्दल आज त्याचे जाहीर आभार मानतो.

काल बाईंनी टेप लावली आणि ओशाळल्या बिचाऱ्या. "काका, तुम्ही सांगितलेलं माप मी तपासलंच नाही. नेहमीच्या ओट्यापेक्षा चार इंच कमी भरतोय. सोमवारी तोडून नवा करून देते." मी म्हटलं, उद्या सांगतो.

आज सकाळी त्या घरात गेलो. घर छान आहे. खोकलो तरी घुमतं. मला भीती वाटते हो तिथं, एवढ्या खोल्यांत एकट्यानं करायचं काय? ओट्यावर चहा ठेवला, त्यासाठी चांगलं वाकावं लागलं. वाकल्यावर समोरच्या खिडकीतून रस्ता दिसला, तिला दिसला असता तसा. चहा उतू जाईपर्यंत मी तसाच उभा होतो.

आपण सगळे वेळ काढून आलात, फार बरं वाटलं. कुणाचा उल्लेख राहिला असेल, आवाज चढला असेल, तर म्हातारा समजून पोटात घाला. आणि बाई, चुका दुरुस्त करणं तुमचं कामच आहे. एवढी एक मात्र राहू द्या. फार उशिरा का होईना, तिला विटांवरून उतरवलंय मी.